डॉ. चार्ल्स ड्रू

रुग्णाला तातडीने रक्त द्यावयाचे झाले, म्हणजे आज रुग्णालयातून रक्तपेढीकडे निरोप जातो. रक्ताचा गट जुळवून पाहिला जातो, थंड पेटीतून रक्ताची पिशवी येते आणि थोड्याच वेळात ते रक्त थेंबाथेंबाने रुग्णाच्या शिरेत उतरू लागते. ते रक्त कोणी दिले, हे रुग्णाला ठाऊक नसते. ज्याने दिले, त्यालाही आपल्या रक्ताने कोणाचा प्राण वाचला हे कधी कळत नाही. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे किती जणांचे परिश्रम आहेत, याचा विचारही आपल्या मनात सहसा येत नाही. मनुष्याचे रक्त शरीराबाहेर टिकवावे कसे, ह्या प्रश्नाचा ज्यांनी विद्यार्थिदशेत ध्यास घेतला आणि त्या अभ्यासाचा लाभ ज्यांनी साऱ्या जगाला करून दिला, अशा थोर पुरुषांत अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. चार्ल्स रिचर्ड ड्रू यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.

चार्ल्सचा जन्म ३ जून १९०४ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे झाला. त्याचे कुटुंब कृष्णवर्णीय होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली होती. परंतु गोऱ्यांच्या मनातील भेदभाव काही नष्ट झाला नव्हता. कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, त्यांच्या वस्त्या वेगळ्या, अनेक उपाहारगृहांची आणि रुग्णालयांची दारेही त्यांना बंद. अशा वातावरणात चार्ल्सचे बालपण गेले. त्याचे वडील जमिनीवर गालिचे बसविण्याचा व्यवसाय करीत. आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते. घरात श्रीमंती नव्हती. परंतु कष्ट, शिस्त आणि विद्येची गोडी यांची वाण नव्हती. पाच भावंडांत चार्ल्स सर्वांत मोठा. लहानपणीच त्याने वर्तमानपत्रे विकण्याचे काम सुरू केले आणि पुढे आपल्याबरोबर आणखी काही मुलांना घेऊन त्या कामाचा व्याप वाढविला. दहा जणांना एकत्र करून एखादे काम नीट मार्गी लावण्याचा त्याचा गुण असा बाळपणीच दिसू लागला होता. पुढे ह्याच गुणाची एका देशाला फार मोठी गरज भासणार होती.

शाळेत असताना चार्ल्सचे नाव गाजले ते मात्र खेळांमुळे. पोहणे, धावणे, फुटबॉल, बास्केटबॉल यांत त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी असे. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या डनबार हायस्कूल ह्या नामांकित शाळेतून तो १९२२ साली उत्तीर्ण झाला. त्याच्या आधी दोन वर्षे घरात एक दुःखद घटना घडली होती. त्याची धाकटी बहीण एल्सी क्षयाने आजारी होती. १९२० साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती दगावली. आपल्या डोळ्यांदेखत बहीण जावी आणि आपल्याला काही करता येऊ नये, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली. वैद्यकाकडे त्याचे मन वळले त्याचे बीज येथे होते.

खेळातील प्राविण्यामुळे त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट महाविद्यालयात त्याचा प्रवेश झाला. तेथील सुमारे सहाशे विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थी अवघे तेरा होते. मैदानावर चार्ल्सने पुष्कळ बक्षिसे मिळविली. एकदा फुटबॉल खेळताना त्याला जबर दुखापत झाली व काही दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेथील डॉक्टरांचे काम जवळून पाहताना, आपणही डॉक्टर व्हावे, ही त्याची इच्छा पक्की झाली. १९२६ साली तो पदवीधर झाला खरा. परंतु वैद्यकीय शिक्षणासाठी लागणारा पैसा त्याच्याजवळ नव्हता. तेव्हा त्याने बॉल्टिमोर येथील मॉर्गन महाविद्यालयात नोकरी धरली. दोन वर्षे त्याने तेथे जीवशास्त्र व रसायनशास्त्र शिकविले, मुलांना खेळांचे शिक्षण दिले आणि पै-पै करून पैसा जमविला.

त्या काळी अमेरिकेतील फारच थोडी वैद्यकीय महाविद्यालये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देत. म्हणून १९२८ साली चार्ल्स शेजारच्या कॅनडा देशात गेला आणि माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. पैशाची चणचण तेथेही सुटली नाही. पण त्याचा अभ्यासातील नेट कमी झाला नाही. १९३३ साली १३७ विद्यार्थ्यांच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन तो डॉक्टर झाला. माँट्रियलमध्येच जॉन बीटी नावाच्या एका प्राध्यापकांशी त्याचा स्नेह जमला. अपघातात किंवा शस्त्रक्रियेत रक्तस्राव झाला की रुग्ण एकाएकी थंडगार पडतो, नाडी क्षीण होते आणि थोड्याच वेळात प्राण जातो. ह्या अवस्थेला वैद्यकात शॉक म्हणतात. अशा रुग्णाला वेळीच रक्त दिले तर तो वाचतो, हे बीटी यांच्या सहवासात तरुण डॉ. ड्रू यांनी प्रत्यक्ष पाहिले. परंतु वेळीच रक्त आणायचे कोठून, हाच तर खरा प्रश्न होता.

हा प्रश्न किती अवघड होता, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. एका मनुष्याचे रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयत्न पुष्कळ काळ चालले होते. त्यांत कधी रुग्ण वाचत, तर कधी तडकाफडकी दगावत. असे का होते, याचा उलगडा व्हिएन्ना शहरातील कार्ल लँडस्टायनर ह्या शास्त्रज्ञांनी केला. सर्व माणसांचे रक्त सारखे दिसत असले, तरी त्याचे निरनिराळे गट असतात, असे त्यांनी १९०१ साली दाखवून दिले. गट न जुळणारे रक्त दिले, तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात व त्या फुटतात. ह्या शोधाबद्दल लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी अडचण होती ती रक्त गोठण्याची. शरीराबाहेर काढलेले रक्त काही मिनिटांतच घट्ट होते. १९१४-१५ च्या सुमारास असे आढळून आले की, सोडियम सायट्रेट नावाचा क्षार योग्य प्रमाणात मिसळला, तर रक्त गोठत नाही. मग रक्त थंड जागी थोडे दिवस ठेवून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. १९३७ साली शिकागो शहरातील एका रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्ताचा साठा करण्याची व्यवस्था केली आणि तिला पेढीचे नाव दिले. पेढीत एकाने पैसे ठेवावे आणि गरजेच्या वेळी ते काढावे, तसेच हे.

परंतु ही पेढी मोठी विचित्र होती. पैशाच्या पेढीत ठेव वाढत जाते. रक्ताच्या पेढीत ठेवलेली ठेव दिवसेंदिवस नासत जाते. ती किती दिवसांनी नासते, कशामुळे नासते, आणि नासली हे ओळखावे कसे, याविषयी डॉक्टरांत एकमत नव्हते. प्रत्येक जण आपापल्या अनुभवाने चाले. ह्या गोंधळात कोणीतरी शांतपणे बसून सारे नीट मोजून, तपासून पाहण्याची गरज होती. ते काम एका विद्यार्थ्याच्या हातून व्हायचे होते.

शिक्षण संपवून डॉ. ड्रू १९३५ साली वॉशिंग्टनला परतले. त्याच वर्षी त्यांचे वडील निवर्तले. हॉवर्ड विद्यापीठात आणि त्याला जोडलेल्या फ्रीडमेन्स रुग्णालयात ते शिकवू लागले. हे रुग्णालय गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांसाठी स्थापन झालेले होते. तीन वर्षांनी, म्हणजे १९३८ साली, त्यांना पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात व तेथील प्रेसबिटेरियन रुग्णालयात दाखल झाले. वय चौतीस, हाती वैद्यकाची पदवी, पाठीशी अध्यापनाचा अनुभव. तरी ते पुन्हा विद्यार्थी झाले.

तेथे डॉ. जॉन स्कडर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधनास आरंभ केला. दुकानात नवा माल आला की व्यापारी जसा तो उलटसुलट करून पारखून घेतो, तसे त्यांनी साठविलेल्या रक्ताला चोहोबाजूंनी पारखले. आपल्या आधी जगात इतरांनी ह्या विषयावर काय काय लिहून ठेवले आहे, ते त्यांनी प्रथम वाचून काढले. मग प्रयोग सुरू झाले. रक्त कोणत्या भांड्यात ठेवावे? भांड्याच्या आकाराने काही फरक पडतो काय? ते किती थंड असावे? न गोठण्यासाठी कोणते द्रव्य, किती घालावे? भांडे हलविले तर काय होते? असे एकेक प्रश्न घेऊन ते त्याचे उत्तर मोजमापाने शोधीत. रोज ठराविक वेळी साठ्यातील रक्त काढावयाचे, त्यातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, निरनिराळे क्षार यांची नोंद करावयाची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे काम कंटाळवाणे खरे. परंतु खेळाच्या मैदानावर अंगी बाणलेली चिकाटी त्यांना येथे उपयोगी पडली.

ह्या नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम नावाचे द्रव्य पुष्कळ असते. त्यांच्या बाहेरच्या द्रवात ते अगदी थोडे असते. रक्त साठवून ठेवले की हे पोटॅशियम हळूहळू पेशींतून बाहेर झिरपू लागते. रक्त वरून जसेच्या तसे दिसत असते, परंतु आतून ते शिळे होत असते. पोटॅशियमचे प्रमाण फार वाढलेले रक्त रुग्णाच्या हृदयाला अपायकारक ठरू शकते. म्हणजे साठ्यातील रक्ताचे वय केवळ डोळ्यांनी पाहून ठरविता येत नाही. त्यासाठी तारीख लिहून ठेवली पाहिजे आणि ठराविक दिवसांनंतर ते रक्त बाजूला काढले पाहिजे. आज रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर तारीख असते, तिच्यामागे अशा कष्टाळू निरीक्षणांची परंपरा आहे.

दुसरी गोष्ट रक्तद्रवाची. रक्त उभ्या बाटलीत स्थिर ठेवले, तर तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर रंगाचा द्रव राहतो. हाच रक्तद्रव. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तद्रवाचा असतो. लवकर बिघडतात त्या पेशी. रक्तद्रव वेगळा काढला, तर तो कितीतरी अधिक काळ टिकतो. शॉकच्या अवस्थेत रुग्णाच्या रक्तवाहिन्यांतील द्रव कमी झालेला असतो. भाजलेल्या माणसाच्या शरीरातून तर रक्तद्रवच झिरपून जातो. अशा वेळी रक्तद्रव दिला तरी पुष्कळांचा जीव वाचू शकतो. शिवाय त्या काळी अनेक दात्यांचा रक्तद्रव एकत्र मिसळून देत. त्यामुळे गट न जुळण्याची भीती बरीच कमी होई, आणि युद्धभूमीवर गट तपासण्यात वेळ जात नसे. आज मात्र रक्तद्रव देतानाही गट पाहण्याचा प्रघात आहे. रक्तद्रवाचा उपयोग काही एकट्या डॉ. ड्रू यांना सुचला असे नव्हे. परंतु त्याचा साठा पद्धतशीरपणे कसा करावा, ह्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

ऑगस्ट १९३९ मध्ये प्रेसबिटेरियन रुग्णालयात डॉ. स्कडर आणि डॉ. ड्रू यांनी प्रायोगिक रक्तपेढी उघडली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ड्रू यांचा विवाह लेनोर रॉबिन्स ह्या अध्यापिकेशी झाला. दिवसा रुग्णालय व रक्तपेढी आणि रात्री लेखन, असा त्यांचा क्रम चालला होता. अखेर प्रबंध पुरा झाला. दोनशेहून अधिक पानांच्या त्या ग्रंथाचा विषय एकच होता : साठविलेले रक्त. १९४० साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना वैद्यकातील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. त्या विद्यापीठातून ही पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्वान होत.

पुष्कळ प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतात. ड्रू यांच्या प्रबंधाच्या नशिबी तसे नव्हते. त्या वेळी युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि सप्टेंबरपासून लंडन शहरावर जर्मन विमाने रात्रंदिवस बाँब टाकू लागली. घरे कोसळत होती, माणसे ढिगाऱ्यांखाली सापडत होती, भाजत होती. जखमींसाठी रक्त अपुरे पडू लागले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती. पण न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी आणि रेड क्रॉस संस्थेने ब्रिटनला रक्तद्रव पाठविण्याची योजना हाती घेतली होती. महासागर ओलांडून बाटल्या पाठवावयाच्या होत्या. रक्तद्रवात एखादा जंतू शिरला, तर तो वाटेत वाढे आणि सारी बाटली विषासमान होई. निरनिराळी रुग्णालये निरनिराळ्या पद्धतींनी काम करीत होती. त्या सर्वांना एका शिस्तीत आणील असा माणूस हवा होता. रक्तसाठ्याच्या विषयावर नुकताच प्रबंध लिहिलेल्या ड्रू यांची आठवण झाली. हॉवर्ड विद्यापीठाने त्यांना रजा दिली आणि शरद ऋतूत त्यांनी ह्या योजनेची वैद्यकीय सूत्रे हाती घेतली.

त्यांनी प्रत्येक पायरीसाठी नियम ठरविले. दात्याची तपासणी कशी करावी, बाटल्या व नळ्या निर्जंतुक कशा कराव्या, रक्तद्रव वेगळा कसा काढावा, त्यात मिठाचे पाणी किती मिसळावे, हे सर्व ठरून गेले. सर्व रुग्णालयांतून आलेला माल एका ठिकाणी तपासला जाई आणि त्यात जंतू नाहीत याची पुनःपुन्हा खात्री केल्याखेरीज एकही बाटली जहाजावर चढत नसे. जानेवारी १९४१ मध्ये योजना संपली, तोपर्यंत साडेचौदा हजारांहून अधिक वेळा लोकांनी रक्त दिले होते आणि पाच हजार लिटरांहून अधिक रक्तद्रव ब्रिटनला रवाना झाला होता. एका विद्यार्थ्याच्या टिपणवहीतील आकडे आता समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांच्या कामी येत होते.

हा अनुभव पाहून अमेरिकन रेड क्रॉसने आपल्या देशाच्या सैन्यासाठीही तशीच व्यवस्था करण्याचे ठरविले. फेब्रुवारी १९४१ मध्ये न्यूयॉर्क येथे तिचा प्रयोग सुरू झाला आणि ड्रू तिचे साहाय्यक संचालक झाले. दात्यांनी रक्तपेढीकडे येण्याऐवजी रक्तपेढीनेच दात्यांकडे जावे, ह्यासाठी शीतपेट्या बसविलेल्या मोटारगाड्या वापरात आल्या. आज आपल्या गावात रक्तदान शिबिरासाठी जी गाडी येते, ती ह्याच कल्पनेची पुढची पिढी होय.

परंतु ह्या योजनेच्या उभारणीत एक कडू घोट होता. सैन्याच्या धोरणानुसार प्रारंभी कृष्णवर्णीयांचे रक्त स्वीकारलेच जात नसे. म्हणजे ज्याने रक्त टिकविण्याची विद्या देशाला दिली, त्याचेच रक्त त्याच्या देशाला चालत नव्हते. लोकांनी निषेध केल्यावर जानेवारी १९४२ पासून ते रक्त घेण्यात येऊ लागले. पण ते वेगळे ठेवावे, गोऱ्यांच्या रक्तात मिसळू नये, असा दंडक घालण्यात आला. ड्रू एप्रिल १९४१ मध्येच ते काम सोडून हॉवर्ड विद्यापीठात परतले होते. त्यांनी ह्या दंडकावर उघडपणे टीका केली. रक्ताचे गट असतात, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. रक्ताला वर्ण असतो, असे शास्त्राला कोठेही आढळलेले नाही, ही त्यांची भूमिका होती. गोऱ्या माणसाचा गट काळ्या माणसाच्या गटाशी जुळू शकतो आणि सख्ख्या भावाभावांचे गट जुळत नाहीत, असेही घडते. ज्याने हजारो नमुने स्वतः तपासले होते, त्याच्यासारखा ह्या गोष्टीचा साक्षीदार दुसरा कोण असणार?

अन्यायाला उत्तर देण्याचा आणखी एक मार्ग ड्रू यांनी निवडला. तो होता विद्यार्थी घडविण्याचा. ऑक्टोबर १९४१ मध्ये ते हॉवर्ड विद्यापीठात शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. कृष्णवर्णीय तरुणांना उत्तम शल्यचिकित्सकाचे शिक्षण मिळण्याच्या जागा त्या वेळी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आपले विद्यार्थी देशातील कोणाही शल्यचिकित्सकाच्या बरोबरीने उभे राहिले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. शस्त्रक्रियेतील लहानशी हयगयही त्यांना खपत नसे. त्याच वेळी एखाद्या विद्यार्थ्याला इतरत्र शिकण्याची संधी मिळावी म्हणून ते स्वतः पत्रांवर पत्रे लिहीत. अनेक शहरांतील वैद्यक संघटना कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासद करून घेत नसत. त्याविरुद्धही त्यांनी देशातील वैद्यक संघटनेकडे दाद मागितली. त्यांच्या हयातीत त्यांना ह्या बाबतीत यश आले नाही. पण त्यांचे विद्यार्थी कठीण परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होत गेले आणि देशभर पसरले. १९४४ साली रक्तद्रवाच्या कार्याबद्दल त्यांना स्पिनगार्न पदक देऊन गौरविण्यात आले.

अलाबामा राज्यात टस्कीगी येथे गोरगरीब रुग्णांसाठी दरवर्षी वैद्यकीय शिबिर भरत असे. ड्रू तेथे आवर्जून जात. १९५० च्या एप्रिल महिन्यातही ते तीन डॉक्टर सहकाऱ्यांसह मोटारीने निघाले. आदल्या दिवसाच्या कामाने ते थकलेले होते, तरी विश्रांती न घेता रात्रीच प्रवास सुरू झाला. १ एप्रिलच्या सकाळी नॉर्थ कॅरोलायना राज्यात गाडी चालविताना त्यांना डुलकी लागली आणि गाडी उलटली. सहकारी बचावले, ड्रू यांना मात्र प्राणघातक इजा झाली. जवळच्या रुग्णालयात त्यांना नेण्यात आले, परंतु उपयोग झाला नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर एक कथा लोकांत पसरली. कृष्णवर्णीय म्हणून रुग्णालयाने त्यांना रक्त देण्याचे नाकारले आणि त्यामुळे ते दगावले, अशी ती कथा होती. अजूनही ती कधीकधी ऐकू येते. ती खरी नाही. त्या रुग्णालयातील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचविण्यासाठी शर्थीचे प्रयत्न केले होते, अशी साक्ष त्यांच्याबरोबर असलेल्या सहकाऱ्यानेच दिली आहे. त्या काळी कृष्णवर्णीय रुग्णांना रुग्णालयाच्या दारातून परत पाठविल्याच्या घटना घडत, म्हणून लोकांना ही कथा सहज खरी वाटली. परंतु ज्याने आयुष्यभर ऐकीव गोष्टीपेक्षा तपासलेल्या गोष्टीला मान दिला, त्याच्याविषयी बोलताना आपणही तपासलेलेच बोलावे, हे उचित होय.

त्याच वर्षी, म्हणजे १९५० च्या अखेरीस, अमेरिकन रेड क्रॉसने रक्ताची वर्णानुसार विभागणी बंद केली. दक्षिणेकडील काही राज्यांत हा भेद पुढेही बराच काळ टिकून राहिला. परंतु हळूहळू तोही गेला. तो दिवस पाहण्यास डॉ. ड्रू हयात नव्हते. पुढे त्यांच्या देशाने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले आणि लॉस एंजेलिस येथील एका वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

आज रक्त टिकविण्याची विद्या कितीतरी पुढे गेली आहे. तांबड्या पेशी आता सुमारे पाच-सहा आठवडे टिकविता येतात आणि रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. काचेच्या बाटल्यांची जागा पिशव्यांनी घेतली आहे. तरीही रक्त अजून कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते माणसानेच माणसाला द्यावे लागते. आपल्या देशात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी मनुष्याला रक्तदान करता येते. कधी रक्तपेढीत जाण्याचा योग आला, तर तेथील पिशवीवरील चिठ्ठी जरूर पाहावी. तिच्यावर रक्ताचा गट लिहिलेला असतो आणि तारीख लिहिलेली असते. रक्त देणाऱ्याची जात, धर्म किंवा वर्ण तिच्यावर लिहिलेला नसतो.